युनियन बदलण्याच्या परवानगीबाबत

नोंदणीच्या खिडकीवर नंबर सांगितल्यापासून केसपेपर छापून हातात पडेपर्यंत बरोबर चार मिनिटं लागायची. हे मास्तरांना घड्याळावरून नाही, खिडकीवरच्या बाईंच्या विणकामावरून कळलं.

"एका पेशंटला अडीच ओळी होतात, मास्तर," बाई सुया न थांबवता म्हणाल्या. "सोमवारपासून मागची बाजू झाली, पुढची झाली, आज बाह्यांना हात घातलाय. उद्या गळा. तुमच्या त्या मशीनला म्हणावं, माझी लोकर संपत आली."

मास्तर हे खरे मास्तर नव्हते. रुग्णालयात पहिल्यांदा संगणक आले तेव्हा साठ कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवण्याचं काम त्यांच्या गळ्यात पडलं होतं. त्यातले चौघं टायपिंग शिकले आणि यांना हे नाव चिकटलं. संगणक विभाग म्हणजे जिन्याखालची खोली, आणि विभागाचा कर्मचारीवर्ग म्हणजे एकटे मास्तर. खोलीत ताठ उभं राहता यायचं ते फक्त दाराशी. आत जावं तसं छत खाली यायचं आणि माणूस आपोआप नम्र व्हायचा.

याच खोलीत आठ वर्षांपूर्वी वाकून बसून त्यांनी रुग्णालयाची 'एकत्र यादी' तयार केली होती. त्याआधी जुन्या इमारतीच्या नोंदी वेगळ्या, नव्या इमारतीच्या वेगळ्या आणि प्रसूती विभागाच्या तर अगदीच सवत्यासुभ्यातल्या. पेशंट आला की तिन्हीकडे शोधायचं. मास्तरांनी डेटाबेसमध्ये एक व्ह्यू लिहिला. व्ह्यू म्हणजे नवी वही नव्हे. तिन्ही वह्या एका काचेखाली ठेवून एकच वही असल्यासारखं दाखवायची युक्ती. त्या वेळी टाळ्या वाजल्या होत्या, प्रशस्तिपत्रक मिळालं होतं. ते भिंतीवर लावायचं राहून गेलं, कारण खोलीतली सरळ भिंत फक्त दाराची होती.

आता वह्या फुगत लाखांत गेल्या होत्या आणि त्याच यादीपायी रांग खिडकीपासून निघून औषधांच्या दुकानाला वळसा घालून फाटकाबाहेर गेली होती. गंमत म्हणून सांगण्यासारखी ही गोष्ट नव्हती. दर दोन दिवसांनी डायलिसिससाठी नवऱ्याला घेऊन येणाऱ्या एक आजी होत्या. त्या नवऱ्याला पायरीवर बसवून स्वतः रांगेत उभ्या राहायच्या आणि मास्तर समोरून गेले की चढ्या आवाजात नव्हे, अगदी मायेनं विचारायच्या, "आज होईल ना हो लवकर?" शिव्या देणाऱ्यांना मास्तर उत्तर देऊ शकत होते. या आजींसाठी त्यांनी मागच्या दारानं यायला सुरुवात केली.

सोमवारी अधीक्षकांनी बोलावलं. अधीक्षक हे हळू बोलणारे गृहस्थ होते, आणि ते जितकं हळू बोलत तितकं समोरच्याला जास्त घाम फुटे.

"मास्तर, एक तारखेपर्यंत बघतो. नाहीतर पुन्हा कागदाच्या वह्या सुरू करू. वह्यांना निदान वीज लागत नाही."

"साहेब, मी कारण शोधतोय."

"शोधा. आणि वह्या सुरू झाल्या की त्यांवर रेघा मारायला कुणीतरी लागेल, तेही डोक्यात असू द्या."

सव्वीस वर्षांच्या नोकरीनंतर रेघा! मास्तर खोलीत परतले ते इतके व्यथित होऊन की वाकायचं विसरले. कपाळावर टेंगूळ आलं.

टेंगूळ लपवता येत नाही, त्यामुळे संध्याकाळपर्यंत ते राहायचे त्या इमारतीत सगळ्यांना बातमी कळली. मास्तरांच्या खालच्या मजल्यावर एक काका राहायचे. त्यांनी चाळीस वर्षं फ्रिज दुरुस्त केले होते आणि जगातल्या प्रत्येक बिघाडाकडे ते त्याच नजरेनं बघत.

"मशीन मागून गरम लागतं का?" काकांनी जिन्यातच अडवलं.

"लागतं."

"आवाज करतं?"

"थोडा करतं."

"मग विषय संपला. भिंतीपासून एक वीत पुढे ओढा. हवा खेळली की कसं पळतं बघा."

मास्तरांनी दुसऱ्या दिवशी कुणी बघत नाहीसं पाहून मशीन खरोखरच एक वीत पुढे ओढलं. चार मिनिटांची चारच मिनिटं राहिली. फक्त आता खुर्चीला जागा उरली नाही आणि मास्तर तिरके बसून काम करू लागले.

मग मेहुणा आला. मेहुणा एका मोठ्या कंपनीत होता. तिथे तो नेमकं काय करतो हे त्याच्या सख्ख्या बहिणीलाही सांगता येत नसे, पण त्याच्या बोलण्यात 'आमच्याकडे' हा शब्द फार यायचा.

"भावजी, आमच्याकडे असलं कुणी ठेवतच नाही. सगळं क्लाउडवर टाका."

"तिथे टाकलं की लवकर होईल?"

"लवकरचं माहीत नाही. पण मग तो आपला प्रॉब्लेम राहत नाही."

हा सल्ला मास्तरांना मनापासून आवडला होता, पण तो अधीक्षकांना कसा सांगायचा ते कळेना. उलट अधीक्षकांनीच भांडाराकडून एक नवं, मोठं मशीन मिळवून आणलं. ते बसवताना तारेसाठी भिंतीला भोक पाडलं, ते नेमकं पाण्याच्या नळीला लागलं, आणि विभागाचे सर्व कर्मचारी, म्हणजे मास्तर, दोन तास बादलीनं पाणी उपसत होते. नवं मशीन सुरू झालं. बाईंनी एक नंबर टाकला. सगळे श्वास रोखून उभे.

"तीन मिनिटं पन्नास सेकंद," बाई म्हणाल्या. "दहा सेकंद वाचले. म्हणजे पाव ओळसुद्धा नाही."

त्या दिवशी मास्तर घरी येऊन नुसते बसून राहिले. बायको शाळेत गणित शिकवायची. पोरांच्या वह्या तपासता तपासता तिनं चष्म्यावरून बघितलं.

"अहो, ते तुमचं मशीन चार मिनिटं करत काय असतं?"

"शोधत असतं."

"ते झालंच हो. पण कसं शोधतं? माझा एखादा मुलगा सोप्या गणिताला अर्धा तास लावतो ना, तेव्हा मी त्याला नवीन पेन देत नाही. मी म्हणते, पायऱ्या दाखव. निम्म्या वेळा दिसतं की तो भलतंच गणित सोडवत बसलाय."

मास्तर एकदम उठले. डेटाबेसला खरोखरच असं विचारता येतं. 'अमुक प्रश्न तू कसा सोडवणार आहेस, पायऱ्या दाखव' म्हटलं की तो मुकाट्यानं सगळं कागदावर मांडतो. हे मास्तरांना गेली वीस वर्षं माहीत होतं. विचारलं मात्र नव्हतं, कारण आपण लिहिलेल्या गोष्टीला असं विचारणं त्यांना अविश्वासाचं वाटायचं.

सकाळी जाऊन त्यांनी पायऱ्या मागितल्या. ओळीवर बोट ठेवून त्या वाचल्या.

बाई एका पेशंटचा नंबर टाकायच्या. त्यावर डेटाबेस काय करायचा? जुन्या इमारतीची पूर्ण वही पहिल्या पानापासून वाचायचा. मग नव्या इमारतीची पूर्ण वाचायचा. मग प्रसूती विभागाची. अशा अकरा लाख नोंदींचा ढीग जमिनीवर ओतायचा, तो सगळा क्रमानं लावायचा, प्रत्येक नोंद शेजारच्या नोंदीशी ताडून तंतोतंत सारखी असेल तर एक फेकून द्यायचा, आणि एवढं सगळं झाल्यावर, घाम पुसून, त्यातली बाईंना हवी असलेली एक नोंद उचलून द्यायचा. पुढचा पेशंट आला की हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. बिचारा आठ वर्षं दिवसातून शंभर वेळा हे करत होता आणि त्यानं कधी तक्रार केली नव्हती. मास्तरांना त्याच्याविषयी भरून आलं.

आणि हे त्याला करायला सांगितलं होतं कुणी? व्ह्यूमध्ये तीन वह्या जोडताना मध्ये एक शब्द होता: युनियन. युनियन म्हणजे 'जोड, आणि जुळी काढून टाक'. त्याऐवजी 'युनियन ऑल' लिहिलं असतं तर 'नुसतं जोड, बाकी चौकशा नकोत' असा अर्थ झाला असता. मग ढीग ओतायची गरजच नव्हती. प्रत्येक वहीत थेट जाऊन तो एक नंबर बघता आला असता. कुणा गाढवानं हा शब्द लिहिला ते बघायला मास्तर व्ह्यूच्या पहिल्या ओळीवर गेले. तिथे तारीख होती आणि त्यांचं स्वतःचं नाव होतं. ते त्यांनी पुन्हा पुन्हा वाचलं.

पण कारण तर सापडलं! दुरुस्ती एका शब्दाची. मास्तर मूळचे पापभीरू, परवानगीशिवाय खिळाही न ठोकणारे. त्यांनी हेडक्लार्कमार्फत रीतसर अर्ज केला. अर्ज असा होता: 'सध्याच्या युनियनमुळे रुग्णालयाचे काम अत्यंत मंदावले आहे. युनियनच्या अनावश्यक चौकशांमुळे रुग्णांना ताटकळावे लागते. तरी सदर युनियन तातडीने बदलण्याची परवानगी मिळावी.'

मास्तरांनी तो तीनदा वाचून खाली सही केली. त्यात काही वावगं आहे असं त्यांना तीनही वेळा वाटलं नाही.

हेडक्लार्कनं अर्ज वाचला, दार लावून घेतलं, पुन्हा वाचला आणि त्याची एक प्रत कर्मचारी युनियनच्या सेक्रेटरीला दिली. सेक्रेटरी म्हणजे रुग्णवाहिकेचा ड्रायव्हर. त्याचा आवाज असा होता की त्याला सायरनची गरज पडत नसे.

साडेअकराला जिन्याखालच्या खोलीबाहेर चाळीस माणसं उभी होती.

"बाहेर या, मास्तर! कामगारांची युनियन बदलणारे तुम्ही कोण?"

मास्तर वाकून बाहेर आले. "अहो, ती युनियन नाही. ही आतली."

"आतली? म्हणजे आत दुसरी युनियन काढलीये तुम्ही?"

"नाही हो! डेटाबेसमधली. दोन टेबलं जोडतात ना..."

"टेबलांची युनियन होते आणि माणसांची नको काय?" मागून कुणीतरी ओरडलं. टाळ्या पडल्या.

मास्तरांनी तासभर समजावलं. बाहेरच्या सूचनांच्या फळ्यावर तीन चौकोन काढले, बाण काढले. ड्रायव्हरनं शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी विचारलं, "म्हणजे आत्ता जी आहे ती सारखं काम करणाऱ्यांपैकी एकाला काढून टाकते?"

"हो."

"आणि तुम्ही आणणार ती कुणालाच काढत नाही?"

"कुणालाच नाही. सगळ्यांना ठेवते. तिचं नावच युनियन ऑल."

ड्रायव्हर वळला. "अहो, मग मास्तर आपल्याच बाजूचे आहेत!"

त्यानंतर मास्तरांच्या मागणीला युनियनचा बिनशर्त पाठिंबा जाहीर झाला. त्यामुळे अधीक्षक बिथरले आणि परवानगी आणखी आठ दिवस अडकली. शेवटी मिळाली ती 'प्रायोगिक तत्त्वावर आणि सर्वस्वी अर्जदाराच्या जबाबदारीवर'.

गुरुवारी सकाळी मास्तरांनी तो एक शब्द जोडला. चार मिनिटांवरून काम चाळीस सेकंदांवर आलं. बाईंनी सुया खाली ठेवल्या. रांग फाटकातून आत आली, औषधांच्या दुकानापासून मागे सरली. आजी पहिल्यांदाच साडेनऊला आत गेल्या. मास्तर पुढच्या दारानं बाहेर पडले, चहा प्यायले, आणि त्यांना वाटून गेलं की माणसाचं आयुष्य अगदीच वाईट नसतं.

दुपारी सव्वादोनला प्रसूती विभागातून एक बाळंतीण घरी निघाली. सोबत तिची सासू. सासूबाईंनी खिडकीवरून कागद घेतला, चष्मा चढवून वाचला, सुनेच्या हातातल्या बाळाकडे पाहिलं, पुन्हा कागद वाचला.

"दुसरं कुठंय?" त्यांनी विचारलं.

"दुसरं काय?" खिडकीवरच्या बाई.

"बाळ. इथे दोन लिहिलेत. मुलगा, तीन किलो. खाली पुन्हा मुलगा, तीन किलो. आणि हातात एकच दिलंय."

"छापताना चुकून दोनदा आलं असेल, आजी."

"पेपर चुकून दोनदा येतो. नातू येतो का?" सासूबाईंचा आवाज आता वॉर्डापर्यंत पोचला. "माझा दुसरा नातू काढा!"

पाच मिनिटांत फाटकं बंद झाली. परिचारिकांनी वॉर्डातली सगळी बाळं मोजली, मग उलट्या बाजूनं मोजली. बाकीच्या नातेवाइकांनी आपापले कागद तपासले, तर प्रत्येकाच्या कागदावर दोन बाळं. कुणाला दोन मुली, कुणाला दोन मुलगे. एक तरुण बाप तर भिंतीला टेकून खाली बसला. सोनोग्राफीत एकच सांगितलं होतं, असं तो पुन्हा पुन्हा म्हणत होता.

मास्तरांना जिन्याखालून बोलावून आणलं. कागदाकडे एकदा पाहिल्यावर त्यांना सगळं आठवलं. प्रसूती विभाग नव्या इमारतीत असल्यामुळे, 'आमच्याही वहीत नोंद हवी' असा नव्या इमारतीनं आठ वर्षांपूर्वी हट्ट धरला होता. त्यासाठी प्रत्येक बाळाची नोंद तिकडेही जशीच्या तशी उतरवायची सोय मास्तरांनीच केली होती. दोन्ही वह्या जोडल्या की बाळं दोनदा येणार. ती येऊ नयेत म्हणून तर तेव्हा युनियन लिहिलं होतं. ते गाढव अगदीच गाढव नव्हतं. फक्त त्यानं ते कुठे लिहून ठेवलं नव्हतं.

"आजी," मास्तर हात जोडून म्हणाले, "बाळ एकच आहे. कागदावर दोन दिसतंय, कारण मी एक शब्द बदलला."

सासूबाईंनी त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "एका शब्दानं पोरं होतात होय? एवढं शिकलेला माणूस तुम्ही!"

बाळंतीण तेवढी हसली. मास्तरांना त्या दिवसात मिळालेली सहानुभूती तेवढीच.

हे निस्तरतंय तोवर महिन्याचा अहवाल वरच्या कार्यालयात गेला होता. तो यादीवरून आपोआप जायचा. त्यात रुग्णालयात दोनशे सहा बाळंतपणं झाली आणि सगळ्यांना जुळी झाली असं होतं. वरच्या कार्यालयाकडून अधीक्षकांना फोन आला. अधीक्षक फोनवर इतकं हळू बोलले की पलीकडच्यांना तो कबुलीजबाब वाटला.

मास्तरांनी त्याच संध्याकाळी व्ह्यूमध्ये एक अट घातली: नव्या इमारतीच्या वहीतून प्रसूतीच्या नोंदी उचलू नयेत. बाळं पुन्हा एकेकटी झाली. इथे थांबले असते तर निभावलं असतं. पण चाळीस सेकंद त्यांना सलत होते. थेट वहीत जाऊन एक नंबर बघायला चाळीस सेकंद कशाला? त्यांनी पुन्हा पायऱ्या मागवल्या.

प्रसूती विभागाच्या नंबरांआधी 'प्र' हे अक्षर होतं. तेव्हाच्या मेट्रनना ते शोभिवंत वाटायचं. बाकी दोन वह्यांमध्ये नंबर म्हणजे निव्वळ आकडे; तिकडे उतरवलेल्या बाळांना तो 'प्र' व्ह्यूच परत लावून द्यायचा. अक्षरं आणि आकडे एका रकान्यात बसत नाहीत म्हणून मास्तरांनी व्ह्यूमध्ये आकड्यांची अक्षरं करून टाकली होती. परिणाम असा की आकड्यांच्या क्रमानं लावलेली सूची हाताशी असूनही डेटाबेसला तिचा उपयोग नव्हता. तो प्रत्येक नंबर उचलायचा, त्याचं अक्षरांत रूपांतर करायचा, आणि मग बघायचा हा तो आहे का. एका अक्षराच्या शोभेपायी दहा लाख रूपांतरं, दर पेशंटमागे.

या वेळी मास्तरांनी अर्ज केला नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी न विचारता काहीतरी केलं. त्या दोन वह्यांमध्ये नंबर कायमचे अक्षरांतही लिहून ठेवले, त्या अक्षरांची सूची बनवली आणि व्ह्यूला तिकडे बोट दाखवलं. तीस तारीख होती. बाईंनी नंबर टाकला.

"टाकलात का?" मास्तरांनी विचारलं.

"छापूनसुद्धा आलं," बाई म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर आनंदापेक्षा भीतीच जास्त होती.

अर्ध्या तासात रांग संपली. खिडकीसमोरची फरशी दिसू लागली. ती हिरवी आहे हे नव्या कर्मचाऱ्यांना त्या दिवशी कळलं. मास्तर खोलीत गेले आणि सुन्न होऊन बसले. कुणीतरी शाबासकी द्यायला येईल म्हणून त्यांनी दार उघडं ठेवलं होतं.

साडेअकराला अधीक्षकच आले. दाराशी उभे राहिले, तिथेच त्यांना ताठ राहता येत होतं.

"मास्तर, वर जाऊन बघितलंत?"

"नाही, साहेब."

"दोनशे माणसं डॉक्टरांच्या दारात आहेत. बाकं भरली, जिना भरला. आधी एकेक करून यायची. आता सगळी दहा वाजताच येऊन ठेपली. डॉक्टर तेवढेच आहेत, तेही तिघं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी दाराला आतून कडी घातलीये."

"पण साहेब, ती रांग आधीही होती. फक्त माझ्या खिडकीवर थांबलेली होती."

"तेच म्हणतोय. तिथे बरी होती." अधीक्षकांचा आवाज आणखी खाली गेला. "थोडं सावकाश करता येईल का? चार मिनिटं नको. दोन पुरेत."

"आणखी डॉक्टर मागवता येणार नाहीत का?"

"ती मागणी सहा वर्षांपूर्वी केली आहे. तुमचं काम लवकर होण्यासारखं आहे."

मास्तरांना शेवटचा एकच बचाव सुचला. "लेखी आदेश लागेल, साहेब." लेखी आदेशाला चार सह्या लागतात, चार सह्यांना किमान तीन आठवडे. तेवढ्यात काहीही होऊ शकतं. डॉक्टरसुद्धा येऊ शकतात.

आदेश वीस मिनिटांत आला. चारही सह्या होत्या. खाली युनियनच्या सेक्रेटरीनंही, त्याची गरज नसताना, सही केली होती.

मास्तरांनी तो दोनदा वाचला. मग खुर्ची ओढली, तिरके बसले आणि यादीच्या आधी एक ओळ लिहिली: दोन मिनिटं काहीही करू नकोस. कुठे अडलं नाही. काही दोनदा आलं नाही, नळी फुटली नाही, कुणाचा नातू हरवला नाही. ओळ पहिल्या झटक्यात, अचूक, सेकंदाला सेकंद चालली. दुसऱ्या दिवशी वरचा जिना मोकळा राहिला आणि खिडकीसमोरची हिरवी फरशी पुन्हा दिसेनाशी झाली.

अधीक्षक मुद्दाम खाली उतरून आले. त्यांनी मास्तरांचा हात हातात घेतला, आणि सबंध नोकरीत पहिल्यांदाच ते सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"बघा मास्तर, मनावर घेतलं की जमतं तुम्हाला!"